काखेत कळसा

थेंबे थेंबे तळे साचे, हे वाक्य आम्ही लहानपणी सुलेखनाच्या वहीत असंख्य वेळा गिरवले. थेंबे थेंबे तळे रितेही होते, ही त्याची दुसरी बाजू ध्यानात यायला मात्र वयाची सत्तरी उलटावी लागली. हा धडा आम्हांला दिला तो आमच्या जुन्या छोट्या गाडीने.

२००३ च्या दसऱ्याला आम्ही ती घेतली. ‘आम्ही’ म्हणजे तेव्हा दोघे. आता या सर्वनामात एकच माणूस उरला आहे. पण सवय जात नाही आणि ती जावी असे वाटतही नाही. गाडीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, इवलेसे. पंधरा वर्षांची नोंदणी २०१८ मध्ये संपली, तेव्हा ती पाच वर्षांनी वाढवून घेतली. २०२३ मध्ये पुन्हा वाढवली. दोन्ही वेळा भाच्याने सांगून पाहिले, “मामा, आता विका ही.” दोन्ही वेळा आम्ही ऐकले नाही. पहिल्या वेळी ऐकले नाही ते हिच्यामुळे. दुसऱ्या वेळी ही नव्हती, म्हणून ऐकले नाही.

हिचे माहेर महेश्वरचे. दर महाशिवरात्रीला आम्ही इंदूरहून महूमार्गे जाम घाट उतरून निमाडात जात असू, नर्मदेच्या घाटावर तास-दोन तास बसत असू आणि सायंकाळी तोच घाट चढून परतत असू. गाडी सुरू करण्यापूर्वी डाव्या आसनावरून एक प्रश्न ठरलेला असे : “अहो, पाणी पाहिलंत का?” पाणी म्हणजे रेडिएटरचे पाणी. कूलंट वगैरे शब्द हिने कधी मानले नाहीत. आम्ही दरवेळी “पाहिलं” म्हणत असू, आणि पाच-सहा वेळांतून एकदा ते खरेही असे. २०२२ च्या पावसाळ्यात ही गेली, आणि त्याबरोबर तो प्रश्नही गेला.

२०२३ च्या डिसेंबरात थंडी पडू लागली. एका सकाळी सहज बोनेट उघडले, तो कूलंटच्या बाटलीतील पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली. आम्ही तांब्याभर पाणी ओतले आणि निघालो. आठवड्याने पाहतो तर पुन्हा तेच. पुन्हा तांब्या. इंदूरच्या नळाला १९७८ पासून जलूदहून उपसलेले नर्मदेचे पाणी येते. पण आमच्या घरच्या टाकीत त्यात बोरिंगचे पाणी मिसळते, आणि त्या पाण्याने किटलीच्या तळाशी कसा पांढरा थर धरतो ते आम्ही रोज पाहतो. तोच थर गाडीच्या अरुंद नळ्यांतही धरत असणार, हे मात्र सुचले नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. दर तांब्यागणिक आम्ही ती पातळ करीत होतो. शिवाय बाटली पुन्हा भरलेली दिसली की मनाला समाधान लाभे. दुखण्याची तारीख आपण फक्त पुढे ढकलतो आहोत, हे त्या समाधानात दिसत नव्हते.

जानेवारीत राजवाड्याच्या गर्दीत तापमानाचा काटा एकाएकी वर चढला. आम्ही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि अर्धा तास वाट पाहिली. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, एवढी जुनी शिकवण तरी पाळली. तापलेले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते तोंडावर उसळते. थंड झाल्यावर उघडले, आणि चकित झालो. बाटलीत पाणी होते, पण रेडिएटर वरून चार बोटे रिकामा होता. गळती असली की गाडी थंड होताना बाटलीतले पाणी ओढून घेण्याऐवजी हवाच आत ओढते. म्हणून बाटली भरलेली दिसते आणि आत खडखडाट असतो. केवळ बाटली पाहून निश्चिंत राहणारे आमच्यासारखे अनेक असतील.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गेलो. तेथल्या तरुणाने दोन मिनिटांत निदान केले : हेड गॅस्केट गेले आहे, हेड उतरवावे लागेल. खर्चाचा जो आकडा सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. त्याचा तर्क अगदीच निराधार नव्हता. इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामधील हे पातळ आवरण फाटले की पाणी थेट सिलिंडरात शिरते आणि वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते. जमिनीवर थेंबही दिसत नाही. आमच्याही गाडीखाली थेंब नव्हता. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, देवानेच सुचवलंय, विकून टाका.” महाशिवरात्रीला तेव्हा दीड महिना उरला होता. मागील वर्षी आम्ही गेलोच नव्हतो. यंदा जायचे, आणि याच गाडीने जायचे, असे मनाशी ठरवले होते. विकायची तर मग जायचे कशाने, आणि मुख्य म्हणजे, जायचे कशाला?

दोन दिवस विचारात गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आता काम कमी केले आहे. मुलगा पाहतो, हे खुर्चीवर बसून सांगतात. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, “बाबूजी, पानी उड़ता नहीं, जाता है। पहले देखो, कहाँ जाता है।” आणि त्यांनी आम्हांला पंधरा दिवसांचा गृहपाठ दिला. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी पाहायची, कारण गरम पाणी फुगते आणि फसवते. किती किलोमीटर चाललो, केव्हा चाललो, काय काय चालू होते, सारे वहीत लिहायचे. भरायचे ते मापाने, आणि आता कूलंटच. मधल्या काळात लांब जायचे नाही. काटा मध्यावरून हलला तर तेथेच थांबायचे. अल्युमिनियमचे हेड एकदा तापून वाकले की मग खरोखरच उतरवावे लागते.

त्याच बैठकीत त्यांनी बाहेरची तपासणी केली. रेडिएटरच्या जाळ्या, वरचा आणि खालचा होज पाइप, त्यांच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र, स्वतः बाटली. बारीक गळती गरम इंजिनावर तत्काळ सुकते, म्हणून थेंब शोधायचा नसतो; सुकलेल्या कूलंटचा पांढुरका-हिरवट डाग शोधायचा असतो. डाग सापडला नाही. तेल भरायचे झाकण उघडून आत पाहिले : तेलात पाणी मिसळले की तेथे दुधाळ साय धरते, ती नव्हती. स्पार्क प्लगही पाहिले. ज्या सिलिंडरात पाणी शिरते त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख होतो. आमचे तिन्ही प्लग सारखेच मळलेले होते. मळलेल्या वस्तू पाहून इतका आनंद आम्हांला पूर्वी कधी झाला नव्हता.

रेडिएटरच्या झाकणावर मात्र ते थांबले. स्वयंपाकघरात ज्याने कुकर हाताळला आहे त्याला हे झाकण समजावून सांगावे लागत नाही. झाकण दाब धरून ठेवते, म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. ०.९ किलो दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मे कूलंट असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. कुकरची रबरी रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही आणि वाफ कडेने फुसफुसत राहते. तसेच या झाकणाच्या रबराचे. आमचे रबर कडक होऊन चिरले होते. नवे झाकण आले, आणि प्रश्न मिटला असे वाटले.

वही मात्र तसे म्हणेना. पातळी उतरतच होती. पण पंधरा दिवसांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. दुपारी गाडी काढली त्या दिवशी पट्टीवरची रेघ जवळजवळ हलली नव्हती. सकाळी लवकर निघालो त्या दिवशी ती ठळकपणे उतरली होती. सकाळी आणि दुपारी फरक काय? सकाळच्या नोंदीपुढे आमच्याच अक्षरात लिहिले होते : काचेवर धुके, हीटर चालू.

मिस्त्रींनी वही पाहिली आणि मुलाला हातपंप आणायला सांगितले. थंड रेडिएटरच्या तोंडाशी हा पंप बसवून झाकणाला सोसेल एवढाच दाब द्यायचा आणि काटा पाहत राहायचे. आधी हीटरकडे जाणारी झडप बंद ठेवली. काटा दहा मिनिटे स्थिर. मग झडप उघडली. काटा हळूहळू खाली सरकू लागला. कोणी काही बोलले नाही. मिस्त्री उठले, डावे दार उघडले, आसनासमोरची रबरी चटई उचलली आणि खालच्या गालिच्यावर हात ठेवला. हात ओला निघाला, चिकट ओला.

डॅशबोर्डच्या आत, डाव्या बाजूला, हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो पाझरत होता, आणि पाणी चटईखाली मुरत होते. चिन्हे सारी डोळ्यांसमोर होती. काचेवरचे धुके थंडीचे समजून आम्ही वर्तमानपत्राने पुसत होतो. त्याचा तेलकट चट्टा जात नाही म्हणून वायपरला दोष देत होतो. गाडीत गोडसर वास येई. संक्रांतीचे दिवस, मंडळाच्या सभासदांना वाटायचे तिळगूळ मागच्या आसनावर ठेवलेले. वास गुळाचा, असे आम्ही ठरवून टाकले होते. कूलंटचा वास असाच गोडसर असतो, आणि चवही. ते विषारी असते, म्हणून मुलांपासून आणि कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवावे लागते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा अक्षरशः पाण्याचाच, आणि तोही आमच्या हातापासून दोन फुटांवर. तरी तो दोन महिने का सापडला नाही, याचे उत्तर आम्हांला त्या ओल्या हाताकडे पाहताना मिळाले. दीड वर्षात त्या आसनावर कोणी बसलेच नव्हते. कोणी येणार असेल तर आम्ही त्याला मागे बसवीत असू. काही कारण सांगत असू. तेथे आमची पुस्तकांची पिशवी असे. ही असती तर पहिल्याच दिवशी पाय वर घेऊन म्हणाली असती, “अहो, इथे ओलं कसलं?” आम्ही बाहेर सर्वत्र शोधले, जेथे पाहणे जड जात होते तेवढी एक जागा सोडून.

मिस्त्रींच्या मुलाने सोपा उपाय सुचवला : हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकायच्या. खर्च नगण्य, हीटर लागतो तरी कितीसा? उपाय योग्य होता आणि अनेक जुन्या गाड्या त्यावर सुखाने चालतात. आम्ही नको म्हणालो. हीटर हा इंजिनाला दुसरा छोटा रेडिएटरच असतो. फाल्गुनाच्या उन्हात जाम घाट चढताना काटा वर जाऊ लागला की ही स्वतः हीटर उघडायची, इंजिनाची उष्णता आत यायची, आणि आम्ही दोघे घामाघूम होऊन, खिडक्या उघड्या टाकून, गाडीला घाट चढवून आणायचो. नवा भाग मिळायला बारा दिवस लागले. तोवर गाडी दारात उभी होती, गालिचा गच्चीवर उन्हात होता.

महाशिवरात्रीला, ८ मार्च २०२४ रोजी, आम्ही महेश्वरला गेलो. शेजारच्या जोशीकाकूंना त्यांच्या लेकीकडे महूला सोडायचे होते. त्या सवयीने मागचे दार उघडू लागल्या, तेव्हा आम्ही त्यांना पुढे बसा म्हणालो. परतताना घाटात एकटेच होतो. अर्ध्या चढावर काटा किंचित हलला; आम्ही हीटर उघडला. काटा जागेवर आला.

भाचा अजूनही विका म्हणतो. नोंदणी २०२८ पर्यंत आहे. तोवर आम्हीही चालू राहिलो तर पाहू. वही चालूच आहे. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, आम्ही बोनेट उघडून रेडिएटर आणि बाटली दोन्ही पाहतो. नंतर डावे दार उघडून थोडा वेळ त्या आसनावर बसतो, चटई उचलतो आणि खाली हात फिरवून पाहतो. कोरडे असते. मग वहीत लिहितो : पाणी पाहिले.