वाकडं अंगण

आमच्याकडे रात्री नऊ ते साडेनऊ हा गाड्या पळवायचा वेळ. म्हणजे नातवाचा, संगणकावर. अभ्यास आणि जेवण आटोपल्यावर अर्धा तास, हा करार मीच करून दिलेला आहे. घरात एकच संगणक. दुपारी त्यावर मी माझे हे लेख बडवते, रात्री तो शर्यती खेळतो. आठवीतला मुलगा. त्या अर्ध्या तासात जगातल्या सगळ्या गाड्या त्याच्या मालकीच्या असतात.

तर दिवाळीच्या आधी एक दिवस त्याने जाहीर केलं, "आज्जी, मला मेकॅनिकल कीबोर्ड हवाय."

"का? आहे त्याला काय झालं?"

"याची बटणं लागत नाहीत. मी दाबतो, पण गाडी ऐकत नाही. म्हणून हरतो."

मी छत्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. पेन चालत नव्हतं, शाई संपली, वही घरी राहिली, फळा चमकत होता, ही सगळी कारणं मी आयुष्यभर ऐकली आहेत. तोंडातून आपसूक निघालं, "नाचता येईना अंगण वाकडं!"

तो काही बोलला नाही. उठून गेला. माझा मुलगा हसला, सूनबाईही हसल्या, आणि विषय संपला असं मला वाटलं.

पण पुढचे चार-पाच दिवस मी त्याचा खेळ मागे बसून पाहिला. मुद्दाम नाही, विणकाम तिथेच चालतं माझं. पाहताना एक गोष्ट खटकायला लागली. गाडी उजवीकडच्या वळणावर झोकात वळायची. डावीकडच्या वळणावर थेट भिंतीवर. एकदा नाही, दरवेळी. उजवीकडे झकास, डावीकडे धडक. आता हलगर्जीपणाला काही डावं-उजवं कळत नाही. ज्याला येत नाही तो दोन्हीकडे आपटेल. एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने पुन्हा पुन्हा होणारी चूक ही वेगळी जात असते. हे मला इतर कुणी नाही, एका विद्यार्थ्याने शिकवलं होतं, आणि मी ते विसरून बसले होते. त्याच्याकडे येतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी नातवाचा कीबोर्ड तपासायला घेतला. त्याच्या खेळात वरचा बाण म्हणजे गाडीचा वेग, डावा-उजवा बाण म्हणजे वळण आणि स्पेसबार म्हणजे हातब्रेक. अवघड वळणावर तिन्ही एकदम दाबायचे. मी नोटपॅड उघडलं, दोन ओळी टंकल्या, वरचा आणि उजवा बाण दाबून धरला आणि स्पेसबार दाबला. अक्षरांत फट पडली. मग वरचा आणि डावा बाण दाबून धरला आणि स्पेसबार दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. जोराने दाबला. काहीच नाही! जणू त्या यंत्राला अंगठा आहे हेच ठाऊक नाही.

मग मला चेव आला. १९६९ साली मॅट्रिकनंतर मी सांगलीला टायपिंगचा क्लास लावला होता. तिथे सव्वीसही इंग्रजी अक्षरं असलेलं ते कोल्ह्याचं आणि आळशी कुत्र्याचं वाक्य शेकडो वेळा बडवलं आहे. ते दोन्ही शिफ्ट दाबून टाइप करायचं ठरवलं. पण दोन शिफ्ट धरायला दोन हात गेले, टाइप कशाने करणार? शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्यांनी शिफ्ट धरले, मी टाइप केलं. कोल्ह्याचे लचके तोडलेले! मधली सहा-सात अक्षरं गायबच. वहिनींनी विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "गाडी डावीकडे वळत नाही म्हणून." त्या जरा काळजीने बघत चहा न घेताच गेल्या.

असो. संध्याकाळी मुलाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. कीबोर्डवर शंभराच्या वर बटणं. प्रत्येकाला वेगळी तार दिली तर तारांचं जंगल होईल. म्हणून आडव्या आणि उभ्या ओळी असतात, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे बटण. आतली चिप सारखी पाहत असते, कुठल्या आडव्याची कुठल्या उभ्याशी गाठ पडली. एक बटण दाबलं, सोपं. दोन दाबली, तरी कळतं. पण एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, की वीज आडवाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यावरही पोचते आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं भासतं. याला म्हणतात घोस्टिंग, म्हणजे भुताटकी. ती टाळायला स्वस्तातले कीबोर्ड सरळ तिसऱ्या बटणाकडे काणाडोळा करतात. आमच्या कीबोर्डात वरचा बाण, डावा बाण आणि स्पेसबार अशाच अडचणीच्या कोपऱ्यांवर बसलेले. उजवा बाण त्यातून सुटलेला.

यात लबाडी कुणाची नाही. हा कीबोर्ड कचेरीसाठी केलेला. पत्र लिहिताना माणूस एका वेळी एक अक्षर दाबतो, फार तर जोडीला शिफ्ट. आमच्या टायपिंगच्या सरांचा तर दंडकच होता, एका वेळी एक. दोन बटणं एकदम दाबली की मशीनचे अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकायचे, ते सोडवताना बोटं शाईने काळी व्हायची आणि वर सरांची पट्टी. खेळाची गोष्ट उलटी. तिथे तीन-चार बटणं एकदमच लागतात.

म्हणजे अंगण खरोखरच वाकडं होतं.

आता त्या विद्यार्थ्याबद्दल. १९८३ किंवा ८४ साल असेल. पाचवीचा वर्ग, मागच्या बाकावर बसणारा उंच मुलगा. फळ्यावरून उतरवून घेताना 'ध' चा 'घ' करायचा, 'भ' चा 'म' करायचा. भात लिहायचा तर मात, धर लिहायचं तर घर. दरवेळी तेच. मी लाल शाईने वही रंगवली. शंभर-शंभर वेळा लिहायला लावलं. हातावर छड्याही दिल्या, त्या काळी देत असत, आणि मी देत होते. तो म्हणायचा, "बाई, मला तसंच दिसतं." वर्ग हसायचा. मीही हसले असेन. सहामाहीनंतर शाळेत डोळे तपासणारे डॉक्टर आले आणि त्यांनी त्या मुलाला फळ्यापासून आठ फुटांवर कसंबसं दिसतं असं सांगितलं. 'ध' आणि 'घ' मधला फरक केवढा? शिरोरेघेतली एक फट आणि एक छोटी गाठ. मागच्या बाकावरून त्याला ती फट कधी दिसलीच नव्हती. पुस्तकातून वाचताना तो एकही अक्षर चुकत नसे, आणि हे माझ्या नजरेसमोर असून मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

चष्मा लागला, तो पहिल्या बाकावर आला, वही सुधारली. मी त्याला काहीही म्हटलं नाही. तेव्हा बाईंनी मुलाची माफी मागायची पद्धत नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले. पुढे वडिलांची बदली झाली आणि तो शाळेतून गेला. आता कुठे आहे माहीत नाही.

नातवाला मात्र मी त्याच रात्री म्हटलं, "अरे, तुझं बरोबर होतं. बटण लागतच नाही. मी उगाच बोलले." तो खेळता खेळता म्हणाला, "मग! सांगत होतो ना." एवढंच. थोडं आणखी काही म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं, पण गाडी वळणावर होती.

एका रविवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. रस्त्याचं नाव कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण विचारताना लॅमिंग्टनच म्हणावं लागतं. दुकानदार भला होता. त्याच्या काउंटरवर दुरुस्तीला आलेला एक साधा कीबोर्ड उघडा पडलेला, त्यावरच त्याने समजावलं. बटणांखाली रबराचा एक सलग पत्रा, त्याला फुगलेले घुमट. त्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ कागद. वरच्या आणि खालच्या कागदावर विजेच्या रेघा छापलेल्या, मधल्याला भोकं. बटण दाबलं की घुमट दबतो, वरचा कागद भोकातून खालच्याला टेकतो, अक्षर उमटतं. त्यासाठी बहुधा बटण तळापर्यंत न्यावं लागतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच, त्यात स्प्रिंग आणि धातूची पट्टी. बटण चार मिलिमीटर खाली जातं, पण साधारण दोनवरच काम होऊन जातं. ही घडण रूढ केली ती चेरी नावाच्या जर्मन कंपनीने, १९८० च्या दशकात. आता तशाच घडणीचे चिनी स्विच स्वस्तात मिळतात.

त्यातही रंग. निळा स्विच टकटक वाजतो आणि बोटाला खटका जाणवतो. तपकिरी वाजत नाही पण बारीकसा खटका देतो. लाल नुसता सरळ खाली जातो. खेळणारी मुलं बरेचदा लाल घेतात, असं दुकानदार म्हणाला. नातवाने अर्थातच निळ्यावर हात ठेवला. आवाज म्हणजे शौर्य असं त्या वयात वाटतंच. पण सूनबाई पहाटे साडेचारला उठतात, पाच चाळीसची लोकल धरतात, आणि आमच्या घरात बैठकीची खोली आणि त्यांची झोपायची खोली यांच्यात एक पडदा आहे. निळा बाद.

आता खरी गंमत. दुकानदाराने नऊशे रुपयांचा एक साधा रबरी कीबोर्डही काढला. खोक्यावर लिहिलेलं, अँटी-घोस्टिंग. मी दोन्हींवर परीक्षा घेतली. वर, डावा, स्पेस. दोन्ही पास! म्हणजे मेकॅनिकल आहे म्हणून भूत पळतं असं नाही. भूत पळतं ते आतल्या रचनेने. ज्या कीबोर्डात बटणागणिक डायोड असतो, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, एकदिशा मार्गाच्या पाटीसारखा, तिथे आडवाटच बंद. डायोड नसले तरी खेळाची नेहमीची बटणं अडचणीच्या कोपऱ्यांतून हलवून ठेवली की काम भागतं, आणि नऊशेवाल्याने तेच केलं होतं.

वेगाचं म्हणाल, तर दुकानदारही हसला. डोळ्यांना दिसून बोट हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा लागतो. स्विच-स्विचमधला फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात मोजायचा. बक्षिसासाठी खेळणाऱ्यांना तोही महत्त्वाचा असेल. १९९७ साली अमेरिकेत क्वेक या खेळाच्या स्पर्धेत डेनिस फाँग नावाच्या मुलाने चक्क फेरारी गाडी जिंकली होती, हे नातवाने मला तिथेच ऐकवलं. मी म्हटलं, "तू आधी भिंत चुकव."

सरळ हिशेब असा की आमच्या कामाला नऊशेचा पुरेसा होता. नातूही, मला आश्चर्य वाटलं, म्हणाला, "आज्जी, हा चालतोय की." मी पर्समधून पैसे काढले सुद्धा. पण मघाशी परीक्षा घेताना तपकिरी स्विचवर मी ते कोल्ह्याचं वाक्य टाइप केलं होतं. बोटाखाली प्रत्येक अक्षर 'आलो' म्हणून सांगत होतं. हल्ली माझ्या बोटांची टोकं जरा बधिर झाली आहेत. रबरी कीबोर्डवर अक्षर उमटलं की नाही ते मला पडद्याकडे पाहूनच कळतं, म्हणून मी बटणं ठोकते आणि संध्याकाळी मनगट धरून बसते. इथे बोटालाच कळत होतं. तीन हजारांचा तपकिरी घेतला. नातवाला म्हटलं तुझ्यासाठी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला गाडीत त्याला खरं सांगावं लागलं.

रात्री नऊला जोडणी झाली. रिकाम्या रस्त्यावर त्याने आधी सराव केला. वर, डावा, स्पेस. गाडी मागचं चाक घसरवत डावीकडे अशी काही वळली की मी विणकाम खाली ठेवलं. पुन्हा वळली. पुन्हा वळली. पडद्याआडून सूनबाईंचा आवाज आला, "आवाज येत नाहीये हं आई, चालू दे."

मग खरी शर्यत सुरू झाली. पहिल्याच डाव्या वळणावर महाशय पूर्ण वेगात भिंतीवर.

त्याने हळूच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी टाके मोजत होते.