रंगाखालची ओल

लोणावळ्याला तुंगार्लीत एका बंगल्यात १९५१ ची एम.जी. टी.डी. विकायला निघाल्याचे कळले, तेव्हा आम्ही कामशेतच्या आमच्या उस्तादांना घेऊनच गेलो. १९५० ते १९५३ या काळात इंग्लंडात अबिंग्डनला तयार झालेली ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंजिन १२५० सीसीचे.

आम्ही कागदांत गुंतलो. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०,००० रुपये फी भरून ‘व्हीए’ नंबर मिळतो. मात्र चासी, बॉडी, इंजिन मूळचे हवे. आर.सी. बुकातला आकडा चासीवर ठोकलेल्या आकड्याशी जुळला, इंजिनावरची अष्टकोनी पितळी पट्टीही जुळली. तारांची चाके तेवढी मागाहूनची. कारखान्यातून पत्र्याचीच येत.

उस्तादांचे लक्ष दाराकडे. या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर बसवलेला असतो, आणि मावळातला पाऊस कुणाला सोडतो? बिजागरीपाशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. सरळ आत गेला. वर रंग मात्र कोरा!

आम्हांला धान्याच्या ढिगात हात घालून ओल शोधणारे पैगंबर (स.) आठवले. पावसाने भिजले, म्हणाला व्यापारी. मग भिजलेले वर का नाही ठेवलेस, हा त्यांचा सवाल.

मालकांना वाटले, आम्ही भाव पाडतोय. उस्ताद म्हणाले, “साहेब, लाकूड मी बदलीन. पण बदललं हे कागदावर लिहा. उद्या हे विकतील, तेव्हा घेणाऱ्याला कळायला पाहिजे.”

म्हणजे आमचाही भाव त्यांनी आधीच उतरवला होता. मालकांनी चष्मा लावला आणि पेन मागितले.