देवपूरची गाय आणि लळिंगचें कुरण

धुळ्यास जाणारा सुशिक्षित प्रवासी बहुधा राजवाडे संशोधन मंडळाची किंवा समर्थ वाग्देवता मंदिराची वाट धरतो. आम्हीही त्याच हेतूनें गेलों होतों. पांझरा ओलांडली कीं देवपूर लागतें. तेथें एकवीरा देवीच्या देवळापासून जवळच आमच्या वडील वहिनींचें माहेर आहे. तेथें उतरावें, तीन दिवस जुने कागद चाळावे आणि परतावें असा बेत होता. परंतु पहिल्याच सायंकाळीं घरांत असा प्रसंग घडला कीं, कागद बाजूला राहिले आणि आमचे दिवस एका गुराख्याच्या मागें हिंडण्यांत गेले.

प्रसंग असा. घरची कपिला गाय, दुसऱ्या वेताची, परसांत मोकळी सोडलेली होती. तिनें कोठूनसें एक हाड मिळविलें आणि ती तें शांतपणें चघळीत उभी राहिली. वहिनींच्या आजींनीं तें पाहिलें आणि त्या मटकन् ओट्यावर बसल्या. "गाईच्या तोंडीं हाड! आतां हिच्या दुधाचा नैवेद्य कसा दाखवूं?" धाकट्या मंडळींना हंसूं आवरेना, मोठ्यांना शांत करावी कीं डॉक्टर आणावा हें ठरेना. आम्हांस मात्र वेगळेंच कांहीं दिसलें. गाईच्या बरगड्या मोजतां येत होत्या, मागचे पाय ती आंखडून टाकीत होती आणि गोठ्याच्या भिंतीला तिच्या जिभेच्या उंचीवर चांगला खळगा पडला होता. दूध पांच लिटरांवरून दोनांवर आलें होतें, आणि घरांतलें दोन वर्षांचें मूल त्याच दुधावर वाढत होतें.

सकाळीं आळींतलीं गुरें चारावयास नेणारा म्हातारा गुराखी दाराशीं आला. त्याला यांत कांहींच नवल वाटलें नाहीं. "मीठ नई भेटनं का ढोर भित चाटस," असें तो आपल्या अहिराणींत म्हणाला. हाडाविषयीं विचारतां त्यानें सांगितलें कीं, उन्हाळ्यांत वाळक्या चाऱ्यावर राहिलेलीं दुभतीं जनावरेंच हाड धरतात. पावसाळ्यांत हिरवें गवत आलें कीं आपोआप सोडतात. हें निरीक्षण पशुवैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथांत शोभलें असतें.

खानदेशची काळी जमीन लाव्हारसाच्या कातळापासून झाली आहे. तींत चुना भरपूर, लोहही भरपूर. पण ज्याला स्फुरद म्हणतात तो पिकाच्या हातीं थोडाच लागतो, कारण असलेला स्फुरद चुनाच धरून ठेवतो. गवत कोवळें असेपर्यंत त्यांत तो बऱ्यापैकीं असतो. पुढें गवत फुलावर आलें कीं पानांतला स्फुरद बियांकडे आणि मुळांकडे निघून जातो आणि मागें काडी उरते. जोंधळ्याचीही गत तीच. दाणा आम्ही खातों आणि ताट गाईला घालतों! आतां एक लिटर दुधांतून सुमारें सव्वा ग्रॅम चुन्याचें मूलद्रव्य आणि त्याहून थोडा कमी स्फुरद बाहेर पडतो. चाऱ्यांतून तेवढें आलें नाहीं तर गाय तें स्वतःच्या हाडांतून काढून देते. मग पाय आंखडतात, आणि जीभ भिंत, चिंध्या, हाड असें मिळेल तें शोधूं लागते. कपिलेनें कांहीं पाप केलें नव्हतें. आमच्या गव्हाणींत जें कमी पडलें तें ती गांवभर हुडकीत होती.

दक्षिण आफ्रिकेंत आर्नल्ड थायलर या पशुवैद्यानें १९२० च्या सुमारास नेमका हाच छडा लावला. तेथील माळावर गुरें हाडें चघळीत आणि पुढें अंग लुळें पडून मरत. मेलेल्या जनावराच्या कुजक्या हाडांतलें विष त्यांना मारी. पण मुळांत हाडाची ओढ लागे ती गवतांतल्या स्फुरदाच्या उणिवेनें. गुरांना स्वच्छ हाडांचा चुरा चारतांच ती ओढ थांबली. हें वाचलेलें आम्हांस आठवलें आणि जिवांत धस्स झालें. कारण कपिलेनें धरलेलें हाड कोणत्या जनावराचें, किती दिवसांचें, हें कोणास ठाऊक होतें?

डॉक्टर सायंकाळीं यावयाचे होते, म्हणून दिवसा आम्ही गुराख्याच्या नातवाबरोबर लळिंगच्या बाजूस गेलों. धुळ्यापासून आग्रा रस्त्यानें सुमारें दहा किलोमीटरांवर हा किल्ला आहे. वैशाखाचें ऊन म्हणजे काय हें खानदेशांतच कळावें! उतारावर अंजनाचीं झाडें होतीं. अंजन हें या मुलखाचें खरें धन. गवत जळून गेल्यावर याच्याच पाल्यावर दुष्काळांत गुरें तगलीं आहेत. त्याचीं मुळें खोल जातात, त्यामुळें पाल्यांतून चुना तरी मिळतो. बाभळीच्या शेंगांवर शेळ्या तुटून पडल्या होत्या; त्याही उगाच नव्हे, कारण स्फुरद बियांत असतो. मात्र उघड्या पडलेल्या जागीं कुसळी आणि घाणेरी माजली होती. कुसळीचीं कुसळें तोंडांत टोंचतात, आणि घाणेरी पोटांत गेली तर यकृत बिघडून जनावराची कातडी उन्हानें सोलते. जीभ कितीही शहाणी असली तरी निवडावयास कांहीं असावें लागतें.

तेथेंच पोरानें एक हाड उचलून दाखविलें. त्यावर छिन्नीनें तासल्यासारख्या खांचा होत्या. "साळिंदर," तो म्हणाला. साळिंदर हाडें आणि गळलेलीं शिंगें बिळांत नेऊन कुरतडतें, म्हणून रानांत सांबराचें शिंग अखंड सांपडणें कठीण. स्वतः सांबर दरवेळीं नवें शिंग वाढवितांना आपल्याच बरगड्यांतून उसनवार करतें आणि पुढें चरून ती फेडतें. खारट मातीची जागा हरणांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. गोठ्यांतल्या गाईला हें सारें बंद. तिचें रान म्हणजे आमची गव्हाण.

तिसऱ्या दिवशीं धुळें तालुक्यांतल्या लामकानीस जाऊन आलों. या शतकाच्या आरंभीं तेथें गांवांतल्याच एका डॉक्टरांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. गुरें मोकळीं सोडावयाचीं नाहींत, गवत कापून न्यावयाचें. उघड्या डोंगरावर मारवेल आणि पवन्या यांसारखें चांगलें गवत परत आलें. मातींतला स्फुरद यानें एकाएकीं वाढत नाहीं हें खरें. पण वेळेवर कापलेलें पानेरी गवत आणि वाळलेली कुसळी यांत गाईच्या लेखीं जमीन-अस्मानाचें अंतर आहे. आम्हांस त्या डोंगराहून अधिक कौतुक वाटलें तें ज्यांनीं पहिलीं कांहीं वर्षें आपलीं गुरें आंवरून धरलीं त्यांचें. तीं वर्षें सोपीं गेलीं नसावींत.

इकडे डॉक्टर आदल्या सायंकाळींच येऊन गेले होते. गाईला विषबाधा झालेली नव्हती. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, गव्हाचा कोंडा, सरकीची पेंड आणि चाटावयास मिठाचा खडा, एवढें त्यांनीं सांगितलें. कोंडा आणि पेंड कां, हें आतां वाचकांस सांगावयास नको. ज्या मुलखांतून कापूस गाड्या भरभरून जातो तेथें गाईला सरकी मिळूं नये याचें आम्हांस वैषम्य वाटलें. पण पेंडीचा भाव ऐकल्यावर आम्ही गप्प बसलों.

निघण्याच्या दिवशीं मिश्रणाची पिशवी आली. आजींनीं ती उघडूं दिली नाहीं. "यांत हाडांची पूड आहे काय, तें आधीं सांगा." नातवानें डॉक्टरांस दूरध्वनि केला. इंग्लंडांत १९८६ सालीं गाईंच्या मेंदूचा तो भयंकर रोग ओळखला गेला, त्यानंतर गुरांना हाडांची पूड चारण्याची रीत मागें पडली, आणि या पिशवींतला स्फुरद खडकापासून काढलेला आहे, असें उत्तर आलें.

"दगडाचा ना? मग घाला," असें म्हणून आजींनीं पहिली मूठ स्वतः कोंड्यांत कालविली. आमचा टांगा, म्हणजे आतांची रिक्षा, दाराशीं उभी होती. कपिलेनें घमेलें तळापर्यंत चाटलें आणि मान वळवून पुनः त्याच खळग्यावर जीभ फिरवूं लागली. पंधरा दिवसांनीं वहिनींनीं कळविलें कीं, दूध साडेतीन लिटरांवर आलें आहे, हाडाकडे गाय ढुंकून पाहत नाहीं, आणि भिंत मात्र लिंपून घ्यावी लागली.