हिवाळ्याची सुट्टी आणि मिठ्ठूचा पिंजरा

यंदा नाताळच्या सुट्टीत मुलांनी महाबळेश्वरचा हट्ट धरला होता. पण अम्मींचे गुडघे थंडीत धरतात, मांजर नुकतीच व्यालेली, आणि मिठ्ठूला दाणापाणी कोण देणार हा प्रश्न होताच. शेजाऱ्यांवर एवढी जबाबदारी टाकणे बरे वाटेना. शेवटी ठरले, सुट्टी घरीच काढायची. जमले तर एक दिवस जवळपास कुठेतरी जाऊन यायचे.

आमचे घर जुन्या नाशकात, चौक मंडईच्या आतल्या बाजूला. गल्ली इतकी अरुंद की समोरून रिक्षा आली तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचे. मोगलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत. एरवी धूळ आणि भोंगे यांत हे नाव आठवत नाही, पण हिवाळ्याच्या पहाटे आठवते. गोदावरीवरून धुके वर सरकते, फज्रला निघालेली माणसे मफलरमधून फक्त डोळे दाखवत जातात, आणि परतताना कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे दोन मिनिटे हात शेकतात. घरी रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या पायाचा वास सुटलेला असतो. बाजरीच्या गरम भाकरीबरोबर तो खाल्ला की रजईत परत शिरायचे. एरवी शाळेची घाई असते, तेव्हा हे सुख मिळत नाही.

अम्मी पेपर हातात घेतल्यावर आधी निफाडचा पारा बघतात. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमानाची नोंद होते, आणि काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. ही थंडी गव्हाला मानवते, द्राक्षाला नाही. मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. पारा वाचून झाला की अम्मी म्हणतात, “अल्लाह त्या बागवाल्यांना सांभाळो,” आणि आपली शाल मिठ्ठूच्या पिंजऱ्यावर टाकतात.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरीने गोंधळ घातला. मन्नी आपली तीन पिल्ले सोडून स्वयंपाकघरात आली आणि अम्मींच्या वुजूसाठी काढून ठेवलेल्या कोमट पाण्याला तोंड लावले. धाकटा ओरडला, थोरली भांडे उचलून ओतायला निघाली. अम्मींनी तिला थांबवले आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत सांगितली. त्यांच्या वुजूसाठी सुनेने पाणी ओतून ठेवले होते. तेवढ्यात मांजर आली, तर त्यांनी भांडे तिच्याकडे कलते केले, तिला पोटभर पिऊ दिले. सून आश्चर्याने बघत राहिली. तेव्हा त्यांनी तिला सांगितले की मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फरमावले आहे. एवढे सांगून अम्मींनी त्याच पाण्याने वुजू केला. अवतीभवती वावरणारे, हा शब्द धाकट्याला फार आवडला. दिवसभर तो घरात येईल त्याला विचारत होता, “आमच्या घरात वावरणारे किती, सांगा?” उत्तरही तोच द्यायचा. दादी, अम्मी, अब्बू, आपा, तो स्वतः, मन्नी, तीन पिल्ले आणि मिठ्ठू. एकूण दहा.

मिठ्ठूबद्दल थोडे सांगायला हवे. सात वर्षांपूर्वी अब्बांनी, म्हणजे मुलांच्या दादांनी, रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून त्याला आणले. तेव्हा त्याला धड पिसेही फुटली नव्हती. अब्बांनी भिजवलेली डाळ बोटाने भरवून त्याला वाढवले. गळ्याभोवती गुलाबी कडे आले तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. अब्बा रोज पहाटे आम्हाला हाक मारायचे, “उठो बेटा, नमाज का वक्त हो गया.” मिठ्ठूने ती हाक जशीच्या तशी उचलली. अगदी शेवटच्या शब्दावर आवाज जरा खाली यायचा, तोही. अब्बा जाऊन तीन वर्षे झाली, पण हाक थांबली नव्हती. अम्मी रोज त्या हाकेने उठत. आम्ही या विषयावर कधी बोललो नाही, पण सगळ्यांना ठाऊक होते.

चौथ्या दिवशी आम्ही पहाटे भावाच्या गाडीने नांदूर मधमेश्वरला निघालो. अम्मीही गुडघ्यांना पट्टे बांधून गाडीत बसल्या. निफाडच्या वाटेवर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि बागांमधून शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला. तिथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तेथे बंधारा बांधला. वर्षानुवर्षे गाळ साठत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या. माणसाच्या हिशेबाने हे नुकसानच, पण पक्ष्यांना तेथे दाणापाणी आणि आसरा मिळाला. 1986 साली अभयारण्य जाहीर झाले, आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. इराणमधील रामसर शहरात 1971 साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी करार झाला, त्यावरून हे नाव पडले.

चापडगावच्या बाजूने पाण्याकडे गेलो. स्थानिक मार्गदर्शक तरुणाने अम्मींसाठी खुर्ची आणली आणि दुर्बीण लावून दिली. धुके विरळ होत गेले तसे पाणी हलताना दिसू लागले. ते पाणी नव्हतेच, बदके होती. केशरी रंगाचे चक्रवाक, लांब शेपटीची तलवार बदके, रुंद चोचीचे थापट्या, काठाशी जांभळ्या पाणकोंबड्या. यांतले कित्येक हिमालयापलीकडून, कोणी सायबेरियातून आलेले. अम्मी दुर्बिणीला डोळा लावून किती तरी वेळ गप्प होत्या. मग “सुब्हानअल्लाह” एवढेच म्हणाल्या.

एवढ्यात डोक्यावरून पोपटांचा थवा ओरडत गेला. धाकटा आनंदाने म्हणाला, “आमच्याकडेपण मिठ्ठू आहे, पिंजऱ्यात!” मार्गदर्शकाने आमच्याकडे पाहिले. आवाज न चढवता तो म्हणाला, “सर, देशी पोपट पाळता येत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बाजारातली पिल्ले झाडाच्या ढोलीतून काढून आणलेली असतात. निम्मी वाटेतच मरतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतो.”

आम्ही खाली बघितले. परिसर अभ्यासाच्या तासाला वर्षानुवर्षे आम्ही मुलांना वन्यजीवांचे रक्षण शिकवत आलो, फळ्यावर त्या कायद्याचे नावही लिहिले. आणि घरी येऊन त्याच पिंजऱ्यात मिरची सरकवली. कोणी विचारलेच तर आमचे उत्तर तयार असे. हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता, आणि प्रेषित (स.) प्रेमाने त्याची विचारपूस करत. नीट दाणापाणी दिले, त्रास दिला नाही, तर पक्षी पाळायला हरकत नाही, असे अनेक उलमांनी त्यावरून म्हटले आहे. ते खरेच आहे. पण आमचा मिठ्ठू आला कोठून, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता.

परतीच्या वाटेवर गाडीत शांतता होती. रात्री जेवण झाल्यावर थोरलीने विषय काढला. आम्ही म्हटले, “अम्मींचे मन मोडायचे नाही.” तेव्हा अम्मीच बोलल्या. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, ती वर घिरट्या घालत फडफडू लागली, आणि प्रेषितांनी (स.) विचारले की पिल्ले घेऊन हिला कोणी दुखावले, परत करा. ही हदीस त्यांनी लहानपणी मदरशात ऐकली होती. “ढोलीपाशी याची आईपण फडफडली असेल,” त्या म्हणाल्या. “तुमच्या अब्बांनी मायेने आणला, त्यांना ठाऊक नव्हते. आता आपल्याला ठाऊक झाले आहे.”

तरी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत अम्मी पिंजऱ्याजवळच बसून होत्या. धाकट्याला वाटत होते, गच्चीवर नेऊन दार उघडले की झाले. त्याला समजावले की इतकी वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते, दाणा शोधणे त्याला माहीत नसते. असा सोडला तर कावळे आणि मांजरी त्याला तासभरही जगू देणार नाहीत. मग वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. मनात धाकधूक होती. दुसऱ्या दिवशी दोन कर्मचारी आले, चहा घेतला, मिठ्ठूचे पंख तपासले. त्याला आधी इतर पोपटांबरोबर मोठ्या जाळीत ठेवू, उडता येऊ लागले तर सोडू, नाही तर तेथेच सांभाळू, असे त्यांनी सांगितले. अम्मींनी पिंजऱ्यावरची शालही बरोबर दिली.

थोरलीने आदल्या रात्री त्याची हाक मोबाइलवर टिपून ठेवली होती. अम्मींनी ती अजून ऐकलेली नाही. “राहू दे, आहे ना,” म्हणतात.

ज्यांच्या घरी देशी पोपट आहे, त्यांना आम्ही दोष देत नाही. सात वर्षे आम्हीही तेच केले. ढोलीतले पिल्लू कोणी विकायला आणले तर विकत घेऊ नका, एवढे मात्र सांगावेसे वाटते. घेणारा आहे म्हणून काढणारा आहे.

पुढच्या पहाटे हाक आली नाही, आणि आम्ही सगळेच उशिरा उठलो. अम्मींची फज्र कजा झाली. त्या दिवसभर फारसे बोलल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी अंधारातच दार वाजल्याचा आवाज आला. धाकटा स्वेटर उलटा घालून, मन्नीला काखेत घेऊन दादीच्या दाराशी उभा होता आणि हळूच म्हणत होता, “उठो दादी, नमाज का वक्त हो गया.”