रातपाळीचा गडी

टॅमवर्थच्या टूटीएमचे दोन गोतावळे होते. दिवसाचा गोतावळा गावातला आणि आसपासच्या शेतांवरचा. रात्रीचा मात्र शेकडो किलोमीटर लांबचा, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी टॅमवर्थ कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. या दुसऱ्या गोतावळ्याच्या जोरावर एका रेडिओ स्टेशनाने आपल्या गावाचं नशीब पालटलं. ऑस्ट्रेलियातल्या खासगी प्रादेशिक रेडिओबद्दल सांगायचं झालं, तर सिडनी-मेलबर्नच्या बड्या नावांची वाट सोडून मी आधी या गड्याकडेच जाईन.

त्याचा जन्म १९३५ सालचा. गाव न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात, सिडनीपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, पील नदीच्या काठी. गुरं, मेंढ्या आणि गव्हाचा मुलूख. तिकडे स्टेशनाच्या नावातला आकडा राज्य सांगतो: दोन म्हणजे न्यू साउथ वेल्स, तीन व्हिक्टोरिया, चार क्वीन्सलँड. पुढची अक्षरं बहुधा गावाची, कधी मालकाची. टूटीएमची थोरली भावंडं त्याच्या आधी दहा वर्षं बोलायला लागली होती. टुवूम्बाचा फोरजीआर १९२५ चा. न्यूकॅसलचा टूएचडीही त्याच वर्षीचा, आणि त्याची अक्षरं तो सुरू करणाऱ्या हॅरी डग्लसची. या टूएचडीवर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या ताब्यात असताना महायुद्धाच्या काळात, जानेवारी १९४१ मध्ये, सरकारने त्याचं तोंड बंद केलं. १९४५ मध्ये मजूर चळवळीच्या हाती तो पुन्हा बोलू लागला.

या सगळ्या भावंडांचं पोट जाहिरातींवर. सरकारी रेडिओला परवाना शुल्कातून पैसा मिळे, यांना गावातल्या दुकानदाराने दिला तरच. त्यामुळे गावात कोण काय विकतं, कुणाचं कुणाशी बरं आहे, यंदा लोकर काय भावाने गेली, हे सगळं त्यांना ठाऊक असावंच लागे. सकाळी बाजारातले गुरांचे भाव सांगायचे, निधनाच्या वार्ता वाचायच्या, नदीचं पाणी किती चढलं ते कळवायचं, कुणाच्या लेकराला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तिथलं छोट्यातलं छोटं खासगी स्टेशनही गावची बातमी स्वतः आणून स्वतः वाचत असे. संध्याकाळी मालिका लागत. ‘डॅड अँड डेव्ह’ ही खेडवळ बापलेकांची पंधरा मिनिटांची मालिका १९३७ पासून १९५३ पर्यंत चालली. तिचे भाग मोठ्या तबकड्यांवर मुद्रित होऊन देशभरातल्या स्टेशनांकडे जात आणि घरोघरी माणसं त्या वेळेला रेडिओभोवती गोळा होत.

१९६५ साली टॅमवर्थला टेलिव्हिजन आला आणि ही संध्याकाळ हातची गेली. जाहिरातदार तिकडे वळले. दिवसा रेडिओ ऐकला जाई, पण दिवेलागणीनंतर टूटीएम जवळजवळ रिकाम्या घरात बोलत होता. अशा वेळी हिशेबी माणूस रात्रीचा खर्च छाटतो. टूटीएमच्या लोकांनी रात्रीचे तास प्रयोगांसाठी मोकळे सोडले. नाहीतरी ते कुणाला नको होते, तेव्हा निवडक आवडीच्या लोकांसाठी काही करून पाहू, असा विचार. त्यातून जॉन मिन्सन या निवेदकाचा ‘होडाउन’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला. शहरी रेडिओ तेव्हा या संगीताकडे नाक मुरडत असे. गुराखी, ट्रकवाले, भटके मजूर यांची गाणी म्हणून ते बाजूला सारलेलं होतं.

आणि मग पत्रं येऊ लागली. टॅमवर्थमधून नव्हे, पूर्व ऑस्ट्रेलियातल्या लांबलांबच्या ठिकाणांहून.

टूटीएमचा खरा स्वभाव कळायला त्याचं शरीर पाहावं लागतं. मीडियम वेव्हच्या स्टेशनात उभा लोखंडी मनोरा हाच एरियल असतो. मनोऱ्याच्या पायापासून तांब्याच्या तारा चहूबाजूंनी जमिनीखाली पुरलेल्या असतात आणि वर गवत उगवतं. टूटीएमची जागा आज १२८७ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे त्याची एकेक लहर सुमारे २३३ मीटर लांब. (१९७८ पर्यंत तो १२९० वर होता. त्या वर्षी नोव्हेंबरात देशातल्या सगळ्या मीडियम वेव्ह स्टेशनांमधलं अंतर दहा किलोहर्ट्झवरून नऊवर आणलं गेलं, तेव्हा तो तीन किलोहर्ट्झ खाली सरकला.) दिवसा ही लहर जमिनीला धरून चालते आणि थोड्या अंतरात दमते. तिचा जो भाग आकाशाकडे जातो, तो वातावरणाच्या वरच्या अंगाला, साठ ते नव्वद किलोमीटरवर, उन्हाने विद्युतभारित झालेला थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग तीच लहर आणखी वर जाते, त्याहून उंच थरावर आदळते आणि शेकडो किलोमीटर पलीकडे जमिनीवर उतरते. मध्येच आवाज बुडतो, पुन्हा भरून येतो, पण येतो. रात्री मीडियम वेव्हवर काटा फिरवताना अवचित परमुलखातलं केंद्र लागल्याचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला ही गंमत नवी नाही.

म्हणजे ज्या तासांना गावात गिऱ्हाईक उरलं नव्हतं, नेमक्या त्याच तासांत त्याचा हात सगळ्यात लांब पोचत होता. सिडनी-ब्रिस्बेन रस्त्यावरचा ट्रकवाला, मुख्य रस्त्यापासून आत कुठेतरी राहणारा गुरांचा राखणदार, कातरणीच्या हंगामात मेंढ्यांमागे फिरणारा मजूर, यांना आपली गाणी आपल्या बोलीत लावणारा कुणीतरी भेटला. मिन्सन स्वतः संगीतातला माणूस होता. गाणं लावताना तो त्याच्या जन्माची हकिगत सांगे आणि गायकाला मान देई. माझ्या मते टूटीएमचं सगळं मोठेपण इथे आहे. आपलं कोण ऐकतंय हे त्याने पत्रांमधून ओळखलं आणि मग त्या माणसांना हलक्यात घेतलं नाही.

पुढचं धाडस याच ओळखीतून आलं. स्टेशनातल्या मंडळींनी, त्यात मॅक्स एलिस आणि मिन्सन हे पुढे होते, १९६९ मध्ये ठरवलं की टॅमवर्थला देशाची कंट्री संगीताची राजधानी म्हणून मिरवायचं. तेव्हा गावाकडे दाखवायला फारसं काही नव्हतं. होता तो कार्यक्रम, काही स्थानिक कलावंत, ध्वनिमुद्रणाची थोडी सोय आणि रात्रीचा गोतावळा. जानेवारी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलिया दिनाच्या सुट्टीला जोडून टाउन हॉलमध्ये टूटीएमने पहिले पुरस्कार वाटले. मानचिन्ह सोनेरी गिटारचं. त्यातली पहिली गिटार जॉय मॅकीन यांना मिळाली, ‘लाइट्स ऑन द हिल’ या गाण्याच्या लेखनासाठी. ते गायलं होतं त्यांचे पती स्लिम डस्टी यांनी. गाण्याचा नायक रात्री ट्रक हाकणारा चालक आहे. रात्रीच्या श्रोत्यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या पुरस्काराची पहिली मानकरी अशी रचना ठरावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या सुट्टीचा पुढे दहा दिवसांचा उत्सव झाला. आज जानेवारीच्या उन्हाळ्यात पील स्ट्रीटवर गिटार घेतलेली पोरं आणि म्हातारी माणसं शेजारीशेजारी उभी राहून गातात. गावाबाहेर १९८८ मध्ये उभारलेली बारा मीटर उंचीची सोनेरी गिटार प्रवाशांना थांबवते. १९९३ पासून पुरस्कारांचा कारभार कंट्री म्युझिक असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया या कलावंतांच्या संघटनेकडे गेला. स्टेशनाने लावलेलं झाड ज्यांचं होतं त्यांच्या हाती गेलं, हे योग्यच झालं.

टूटीएम आता सुपर रेडिओ नेटवर्कमध्ये आहे. बिल कॅरॅलिस यांनी जमवलेल्या या कुटुंबात टूएचडीही आहे आणि सिडनीचं टूएसएम हे त्याचं मुख्य घर. तिथले कार्यक्रम गावोगावच्या स्टेशनांना वाटले जातात. जॉन लॉज हे विख्यात निवेदक नोव्हेंबर २०२४ पर्यंत टूएसएमवरूनच बोलत. त्यांनी माइकसमोरची पहिली उमेदवारी १९५३ मध्ये केली ती बेंडिगोच्या थ्रीबीओ या प्रादेशिक स्टेशनावर. लहान गावातली स्टेशनं अशी माणसं घडवत असत. आता आवाज उलट्या दिशेने, राजधानीकडून गावाकडे येतो. इतर नेटवर्कांचंही तेच. सदर्न क्रॉस ऑस्टेरिओने २०१६ मध्ये आपल्या प्रादेशिक स्टेशनांची जुनी नावं पुसून त्यांना दोन ब्रँडांत बसवलं. ग्रँट ब्रॉडकास्टर्सची सेहेचाळीस स्टेशनं एआरएन या दुसऱ्या नेटवर्कने एका झटक्यात घेतली. खर्च वाचतो, हे खरं आहे, आणि लहान गावातल्या जाहिरातींवर सगळं भागत नाही, हेही खरं.

या ओढीला आवर घालायला तिकडे कायदा आहे. बहुतेक प्रादेशिक खासगी स्टेशनांनी कामाच्या दिवशी तीन तास स्थानिक महत्त्वाचा मजकूर द्यायचा. पण हे तीन तास मोजायचे पहाटे पाच ते रात्री आठ या वेळेतले. आठनंतर काय लागतं, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. ‘होडाउन’ त्या हिशेबात बसला नसता. मला हा नियम अपुरा वाटतो. गावातल्या माणसाला सकाळी हवामान आणि बाजारभाव मिळायलाच हवेत, पण ज्या तासांत मीडियम वेव्ह सगळ्यात लांब जाते, ते तास नियमाने सोडून दिले आहेत. तीनातला एक तास अंधार पडल्यानंतरचा असावा आणि तो त्याच गावात राहणाऱ्या निवेदकाने थेट करावा. टॅमवर्थमधून जाणाऱ्या न्यू इंग्लंड हायवेवरून रात्रभर ट्रक जातात, मनोरे आपापल्या जागी उभे आहेत, आणि एका माणसाच्या रातपाळीचा पगार एवढीच त्याची किंमत आहे.