डोक्यात काय लावावे?

माणसाच्या डोक्यात काय भरले आहे हे बाहेरून कळत नाही, असे म्हणतात. आमच्या असोद्याच्या अंगणात बसलेल्या गृहस्थांचे तसे नाही. त्यांच्या डोक्यात निव्वळ माती आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते, आणि तरीही त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. कारण हे गृहस्थ म्हणजे एक कुंडी आहे. जळगावच्या बाजारात रस्त्याच्या कडेला मातीची भांडी मांडून बसलेल्या एका बाईकडून मी ती घेतली. फुगलेले गाल, झुबकेदार मिशा, एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर आणि कवटीच्या जागी वीतभर तोंडाची, दीड वीत खोल पोकळी. त्या पोकळीत झाड लावायचे आणि ते झाड म्हणजे स्वारीचे केस, अशी ती कल्पना.

आजीने कुंडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "डोक्शात माती भरशीन पोरी, पन पानी कुठून निंघीन?" कुंडीला बुडाशी भोकच नव्हते. मग स्वारीला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी गिरमिटाने हळूहळू भोक पाडले. येथवर सारे सोपे होते. खरा प्रश्न पुढेच होता. इतक्या विक्षिप्त चेहऱ्यावर झाड कोणते शोभेल?

माझ्या मैत्रिणींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एकीने निवडुंग सुचवला. निवडुंगाची एक गंमत मला तेव्हा कळली. आपल्या बांधावर उभा असतो तो त्रिधारी निवडुंग मोडला की पांढरा चीक गळतो, आणि तो डोळ्यांना फार वाईट. शौकीन लोक कुंडीत लावतात तो खरा कॅक्टस अमेरिकेकडचा. त्याचे कूळच निराळे. दुसरी म्हणाली गवती चहा लाव, केस ताठ उभे राहतील. पण तो कमरेइतका वाढतो. मिशांसकट सारा चेहरा गवतात बुडून गेला असता. शतावरीची नाजूक कुरळी पालवी मला फार आवडली होती, परंतु तिच्या गाठाळ मुळ्या जमिनीखाली इतक्या फुगतात की कुंडी तडकायची भीती. तिसरीने पानफुटीचे नाव काढले. या झाडाच्या नुसत्या पानाच्या कडेवर इवलीइवली रोपे फुटतात. जर्मन कवी गटे याला त्याचे इतके वेड होते की तो ती रोपे स्नेह्यांना भेट म्हणून देत असे. कला शाखेच्या विद्यार्थिनीला मोह पडावा असाच हा दाखला!

या चर्चेतून एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. विचित्र कुंडीला झाड निवडताना आपण आधी झाडाचे रूप पाहतो. आधी पाहायला हवे ते ऊन, पाणी आणि मुळांना लागणारी जागा. आमचे अंगण पश्चिमेकडे तोंड करून आहे. मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दुपारनंतर तेथे उभे राहणे माणसालाही जड जाते. शिवाय एका कुंडीत दोन झाडे लावायची तर त्यांची तहान सारखी हवी. कोरफडीला आणि नेच्याला एकाच पंगतीत बसवले तर दोघांपैकी एक उपाशी उठणार किंवा दुसरा अजीर्णाने मरणार. आणि नवलाईचे झाड दुरून आणावे, तर त्याचीही एक कथा आहे. आज माळरानांवर माजलेली घाणेरी आणि पाण्यावर पसरलेली जलपर्णी ही दोन्ही मुळात शोभेसाठीच परदेशातून आणलेली पाहुणी. पाहुण्यांनी घर बळकावले.

राहता राहिली माती. आणि येथे माझी जीभ अडली.

आमच्या घराच्या मागल्या पडवीत एक पोते आहे. तीन वर्षांपूर्वी शेत विकावे लागले. आज तेथे प्लॉट पडले आहेत आणि सिमेंटचे खांब रोवले आहेत. ज्या दिवशी व्यवहार झाला त्या दिवशी संध्याकाळी बाबा शेतावर गेले आणि एक पोते काळी माती घेऊन आले. ते पोते पडवीत ठेवले, आणि त्यानंतर त्याविषयी घरात कोणी शब्द काढला नाही. बाबा आता जळगावला एका दुकानात हिशेब लिहितात. घरी पाऊसपाण्याचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात.

मी चाचरतच विचारले, "बाबा, कुंडीला त्या पोत्यातली थोडी माती घेऊ?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नुसती काळी भरू नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मुळांना हवा मिळत नाही. वाळू घाल, कुजलेलं शेणखत घाल." आणि स्वतःच उठून त्यांनी पोत्याची गाठ सोडली.

मग त्या मातीत काय लावायचे याबद्दल मला विचार करावाच लागला नाही. आजीच्या कोनाड्यात एका चिंधीत राखेत घोळवलेले वांग्याचे बी होते, आमच्या शेतातल्या शेवटच्या तोडणीचे. भरिताचे वांगे! हसू नका. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्याला शोभेचे झाड म्हणून कोण विचारतो? वास्तविक युरोपात वांगे बरेच दिवस शोभेसाठीच लावत. इंग्रजीत त्याला अंड्याचे झाड म्हणतात, तेही लहान पांढऱ्या अंड्यासारखी फळे धरणाऱ्या जातींवरून. म्हणजे आपण ज्याला भाजी म्हणून ताटात घेतो, ते कोणाच्या तरी खिडकीत नवलाई होऊन बसले होते. बहिणाबाई याच असोद्यात १८८० साली जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; रोजच्या घरातले आणि शेतातलेच त्यांनी गाण्यात आणले. १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला ते रोजचेच अपूर्व वाटले. अपूर्वाई वस्तूत थोडी आणि ती कोठे ठेवून पाहतो यात जास्त असते, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

ज्येष्ठात बी टाकले, आषाढात एकच रोप स्वारीच्या डोक्यात लावले. श्रावण सरता सरता जांभळी फुले आली. चांदणीसारखी, मधोमध पिवळी, खाली मान घातलेली. हजारो वांगी खाल्ली, पण वांग्याचे फूल मी प्रथमच जवळून पाहिले. बाबा रोज सकाळी दुकानात जाण्यापूर्वी कुंडीपाशी उकिडवे बसू लागले. एखादा शेंडा मान टाकलेला दिसला की म्हणत, "आत अळी शिरली," आणि तो खुडून नष्ट करीत. झाडाला काठीचा आधार त्यांनीच दिला. गेल्या तीन वर्षांत ऐकले नव्हते इतके शेतीविषयीचे बोलणे मी त्या दोन महिन्यांत ऐकले. कोणत्या साली पाऊस किती लांबला, कोणत्या वाफ्यातले वांगे हाताला सर्वांत जड लागे, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला जाई, सारे.

झाडाला तीन फळे धरली. हिरवट, पांढऱ्या रेषांची. एक तर स्वारीच्या कानाशी डुलासारखे लोंबू लागले, आणि गल्लीतली पोरे ते पाहायला येऊ लागली. चंपाषष्ठीला दोन फळे काढली, कपाशीच्या काड्यांवर भाजली, आजीने बडगीत ठेचली. पाच माणसांत दोन वांगी! प्रत्येकाच्या कळण्याच्या भाकरीवर दोन-दोन घास आले असतील.

कानाशी लोंबणारे तिसरे फळ मात्र बाबांनी कोणाला तोडू दिले नाही. ते झाडावरच पिवळे पडू दिले आहे. बियाण्यासाठी.