अधिक-उण्याचा माणूस

पुरातत्त्वाच्या मंडळींत उठबस करायची असेल, तर एका असामीशी ओळख हवीच. कागदोपत्री नाव कार्बन-१४, पण उत्खननावर सगळे त्याला ‘सी-फोर्टीन’ म्हणतात. कोळसा, जळका दाणा, हाड, लाकूड, एकेकाळी जिवंत असलेलं काहीही समोर ठेवा, ते मेलं कधी एवढं तो सांगतो. दगड-तांब्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात नेलंत तर त्या देखण्या खांबांबद्दल चकार शब्द काढणार नाही. छताच्या लाकडी कमानींपाशी मात्र पाय निघणार नाही त्याचा.

जन्म आभाळातला. विश्वकिरणांच्या माऱ्यात सुटलेला न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूवर आदळला की हा अवतरतो, ऑक्सिजनशी संगत करतो, पानात शिरतो आणि पानांवाटे गुराढोरांत, माणसांत. साध्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे हा एखादा. जीव आहे तोवर त्याची आवक चालू; जीव गेला की बंद. मग ५,७३० वर्षांत साठा निम्मा, पुढच्या तेवढ्याच वर्षांत पाव. पन्नास हजार वर्षांपलीकडचं विचारलं की तो जवळजवळ गप्पच होतो.

१९४० साली बर्कलीत मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी त्याला शोधलं. शिकागोच्या विलर्ड लिबीने त्याला बोलतं केलं. इजिप्तच्या जोसर राजाच्या थडग्यातलं लाकूड पुढे ठेवून त्याने याची परीक्षाच घेतली. उत्तर इतिहासाच्या आसपास आलं. १९६० साली लिबीला नोबेल मिळालं.

मला त्याचं सर्वांत काय आवडत असेल, तर त्याची बोलण्याची रीत. तो कधीही ‘२,९५० वर्षं’ असं ठोकून देत नाही. ‘२,९५० ± ९०’ म्हणतो. म्हणजे खरा आकडा २,८६० ते ३,०४० यांच्यात असण्याची शक्यता तीनांत दोन, आणि एक शक्यता त्याबाहेरची, हेही तो आपणहून कबूल करतो. आपल्याला किती ठाऊक आहे हे सांगताना किती ठाऊक नाही तेही त्याच दमात सांगणारे जाणकार फार थोडे. आणि बातमी छापताना पहिली कात्री नेमकी त्या ± वरच चालते! त्याचं अर्धं म्हणणं तिथेच कापलं जातं. ते छापलंच पाहिजे.

सोवळं मात्र कडक. खड्ड्यात कोळसा दिसला की त्याला हात लावायचा नाही. स्वच्छ चिमट्याने किंवा करणीच्या टोकाने उचलायचा, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा. कापूस, कागद चालत नाही, कारण त्यांच्यात आजचा कार्बन. प्रयोगशाळेत कोळशात घुसलेली केसासारखी मुळं वेचून काढतात. मग त्याला आम्लाची आंघोळ, अल्कलीची, पुन्हा आम्लाची. हे चोचले नव्हेत. चाळीस हजार वर्षांच्या कोळशात आजचा एक टक्का कार्बन मिसळला, तर तो सहा-सात हजार वर्षांनी तरुण दिसू लागतो.

त्याला काय विचारायचं, हेही कळावं लागतं. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं गाव खणून काढलं. अशा गावात घराच्या जळक्या खांबाचं वय विचारलं, तर तो त्या खांबातल्या कड्यांचं वय सांगतो, घराचं नव्हे. जुन्या झाडाच्या गाभ्यातल्या कड्यांनी नवा कार्बन घेणं कुऱ्हाड पडण्याच्या शंभर-शंभर वर्षं आधीच थांबवलेलं असतं. म्हणून जाणते लोक खांब सोडून चुलीपाशी सांडलेला करपलेला जवाचा दाणा उचलतात. जव एका हंगामात उगवतो आणि कापला जातो. दाण्याचं वय तेच त्या चुलीचं.

आपल्याकडे त्याने केलेली सगळ्यांत मोठी खळबळ मुंबईतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साठीच्या दशकात त्याच्यासाठी प्रयोगशाळा होती. तिथल्या तारखांना आजही ‘टीएफ’ हा शिक्का असतो. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने हडप्पा संस्कृतीला इ.स.पू. २५०० ते १५०० अशी ऐसपैस हजार वर्षं दिली होती. १९६४ साली याच संस्थेतल्या धर्मपाल अग्रवालांनी सी-फोर्टीनच्या तारखा मांडून म्हटलं, छे, २३०० ते १७५०. पुढे कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतल्या हजारो वर्षं जगणाऱ्या पाइनची एकेक कडी तपासली गेली, तेव्हा कळलं की हवेतलं त्याचं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. आपण ते सारखं धरून चाललो होतो. दुरुस्ती केली तशा जुन्या तारखा काही शतकं मागे सरकल्या, आणि हडप्पाच्या ऐन भराचा काळ आज इ.स.पू. २६०० ते १९०० धरतात. सी-फोर्टीनची जबानी तीच होती, उलगडा आपण नव्याने केला.

एक खोड मात्र दुरुस्तीनेही जात नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या चार शतकांतलं काहीही पुढे ठेवा, तो जवळपास एकच आकडा सांगतो, २,४५० च्या आसपास. गावाकडच्या शाळेत मास्तरांनी सगळ्यांचीच जन्मतारीख १ जून लावून टाकावी, तसं. आणि याच चार शतकांत बुद्ध, महावीर, गंगेकाठची नवी नगरं! विदर्भातल्या शिळावर्तुळांचाही बराच काळ इथेच अडकतो. ज्या शतकांबद्दल आपल्याला सर्वांत जास्त विचारायचं आहे, तिथेच तो पुटपुटतो. याची मला खरोखर हळहळ वाटते. मग खापरांची घडण, नाणी, थरांची उतरंड यांचं बोट धरून पुढे जावं लागतं.

त्याचं ‘आज’ही निराळं. तो वर्षं मोजतो ती १९५० पासून मागे. पुढे अणुस्फोटांच्या चाचण्यांनी उत्तर गोलार्धाच्या हवेत त्याची संख्या १९६३ पर्यंत जवळजवळ दुप्पट केली. चाचण्यांवर बंदी येताच ती उतरू लागली. या चढउतारामुळे अलीकडच्या वस्तूंबाबत तो वर्ष-दोन वर्षांपर्यंत नेमका झाला, आणि पुरातत्त्व सोडून पोलिसी कामाला लागला. ‘हे जुनं हस्तिदंत आहे, व्यापारबंदीच्या आधीचं’ असा पवित्रा व्यापारी घेतात. जप्त झालेल्या आफ्रिकी हस्तिदंताची त्याने दिलेली साक्ष २०१६ साली प्रसिद्ध झाली. बहुतेक हत्ती जप्तीच्या आधीच्या तीन वर्षांतच मारलेले होते.